लायमीच्या ताटातलं लिंबू

मा क्लोतिलचा विश्वास कशावर होता, याचं उत्तर सोपं आहे: कशावरच नव्हता. बाजारात कसावाची भाकरी घेताना ती चळतीतली तळची उपसून काढायची, कारण वरच्या चार भाकऱ्या दाखवायच्या असतात असं तिचं मत. पाद्रीबाबांनी शिंपडलेलं तीर्थ बोटाला लावून हुंगायची. कोंबडी खुडूक बसली तर आधी अंडी मोजायची आणि मग कोंबडीकडे रोखून बघायची. लोक तिला संशयी म्हणत आणि तिला ते आवडायचं. तिच्या मते भोळ्या बायका लवकर मरतात आणि त्यांची भांडी शेजारणी नेतात.

पेझिब्ल मळ्यात तिची तीस वर्षं गेली. मळा कागदी लिंबांचा. टेकडीपासून समुद्रापर्यंत झाडंच झाडं, आणि मध्ये ओढ्याच्या काठी घाणा. तरुणपणी ती तेल काढायला बसायची. तांब्याची वाटी, आतून बोथट खिळ्यांची, खाली पोकळ दांडा. वाटीत हिरवं लिंबू तळहाताने गरगर फिरवायचं, म्हणजे साल टोचली जाते आणि तेल थेंबथेंब दांड्यात उतरतं. दिवसभर फिरवलं की तळहाताची कातडी पांढरी पडून सोलायला लागायची. पुढे वय झालं तशी ती रसाच्या कामावर आली. घाण्यातून निघालेला रस मोठ्या तांब्याच्या हंड्यात रात्रभर निवळायचा, सकाळी गाळून लाकडी पिंपांत भरायचा आणि बेटाच्या बंदरावर, रोझोच्या धक्क्यावर, पाठवायचा. हंड्याला ती दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. रोज पहाटे राख आणि लिंबाची साल घेऊन स्वतः घासायची. हंडा असा झळकायचा की त्यात पाहून ओदील केस विंचरायची. ओदील म्हणजे तिची घाण्यावरची जोडीदारीण.

रस कुठे जातो हे बायकांना ठाऊक होतं: इंग्रजांकडे. तो इंग्रज पितात कशाला, हे मात्र अनातोल पनामाहून परत येईपर्यंत कुणाला माहीत नव्हतं.

अनातोल क्लोतिलचा धाकटा दीर. पनामाचा कालवा खणायला गेला आणि एक सोन्याचा दात, एक फेल्ट हॅट आणि एक शब्द घेऊन आला. शब्द होता लायमी. तिकडचे अमेरिकन मुकादम इंग्रजांना तोंडावर लायमी म्हणत आणि इंग्रजांच्या नाकाला मिरच्या झोंबत. का म्हणत, तर लाइम म्हणजे आपलं लिंबू. इंग्रजांच्या जहाजावर कायदाच असतो, बंदर सुटून काही दिवस झाले की प्रत्येक खलाशाला रोज रांगेत उभं करून लिंबाचा रस पाजायचा. नाही तर समुद्रावर ताजं अन्न नसल्यामुळे हिरड्या सुजतात, दात हलतात, जुन्या जखमा उघडतात आणि माणूस मरतो. अमेरिकन खलाशांना त्याची भारी गंमत वाटायची. एवढे मोठे बाप्ये आणि लहान पोरासारखे रस पितात, म्हणून आधी ते त्यांना लिंबूपिते म्हणत, मग झिजून झिजून लायमी झालं, आणि मग खलाशीच नव्हे तर राजासकट सगळेच इंग्रज लायमी ठरले.

गावाला हे काही पटलं नाही. लिंबू ही काय शिवी झाली? आमच्याकडे मासा लिंबाने धुतल्याशिवाय चुलीवर चढत नाही, कोंबडी चढत नाही, बाळंतीण उठत नाही. ज्या घरात मासा नुसत्या पाण्याने धुतात त्या घरी कुणी जेवत नाही, मग ते घर मामाचं का असेना. क्लोतिलने अनातोलला उलटसुलट विचारून भंडावलं आणि शेवटी निकाल दिला की शब्द अमेरिकनांनी काढला असेल तर त्यात काहीतरी काळंबेरं असणार, पण लिंबू मात्र आपलं आहे. म्हणजे इंग्रजांचं नाव पडलं ते आपल्या हातच्या रसावरून. हे ती पुढे कैक दिवस सांगत होती. एरवी कशाचा गर्व न करणारी बाई, पण याचा केला.

तिचा एकुलता एक मुलगा एलोई. सरकारने लढाईसाठी बेटावरची पोरं भरती केली तेव्हा तोही गेला. धक्क्यावर निरोप द्यायला क्लोतिल गोणीभर लिंबं घेऊन गेली होती, निवडून, एकही डागाळलेलं नाही. एलोईने गोणी उचलून परत तिच्या डोक्यावर ठेवली.

"मा, अगं मी लायमींच्या पलटणीत चाललोय," तो हसत म्हणाला. "ज्यांचं नावच लिंबावरून पडलं, त्यांच्याकडे लिंबू कमी पडेल का? आणि त्यांच्या पिंपात तुझाच रस असणार."

सगळा धक्का हसला. क्लोतिलही हसली. आयुष्यात एवढ्या एका गोष्टीवर तिने हुंगून न बघता विश्वास ठेवला.

दीड वर्षाने बसऱ्याहून तो वारल्याचा कागद आला. तारीख, क्रमांक, नाव आणि आजार. लढाई संपल्यावर शेजारच्या गावचा फेर्दिनां परत आला, त्याने बाकीचं सांगितलं. उन्हाळाभर डबाबंद मांस आणि वाळकी बिस्किटं. एलोईच्या हिरड्या काळ्या पडल्या, पायांत रक्त साकळलं. फेर्दिनांने तिच्याकडे न बघता सांगितलं, "रस रोज मिळायचा, मा क्लोतिल. चमच्याने मोजून. पण काही म्हणजे काही होत नव्हतं. पोरं म्हणायची, रसात पाणी आहे."

क्लोतिल उठली. आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

कारण रसात पाणी होतं. एलोई लढाईवर गेला त्याच्या पुढच्या वर्षी जहाज धक्क्याला लागलं आणि सहा पिंपं भरायला थोडा थोडा रस कमी पडला. पिंप तोंडापर्यंत भरलं नाही तर आत हवा राहते आणि रस नासतो. मुकादम सिल्व्हेर बोंबलत होता आणि क्लोतिलने ओढ्यातून बादली आणून प्रत्येक पिंपात ओतली. सिल्व्हेरने पाठ फिरवली, म्हणजे त्याने पाहिलं. तेव्हा ती लबाडी साधीच वाटली होती. आता ती रोज हिशेब करायची की ते जहाज कधी निघालं, कधी पोचलं असेल आणि एलोई कधी आजारी पडला. हिशेब जुळायचा. जगात सगळ्यांवर संशय घेणाऱ्या बाईला आता सगळ्यात जास्त संशय स्वतःचा होता, आणि तो विचारायला जागा नव्हती. पाच वर्षं तिने हे कबुलीच्या वेळी पाद्रीबाबांनाही सांगितलं नाही.

अशात मळ्यावर मिस्टर पेलो नावाचा इंग्रज आला.

हडकुळा, चष्मेवाला, मान उन्हाने लाल. बरोबर दोन पेट्या काचेच्या बाटल्या आणि एक काळी वही. मळ्याच्या पाहुणघरात उतरला आणि दुसऱ्या दिवसापासून घाण्यावर येऊन बसला. घाण्यातला रस बाटलीत घेई, हंड्यातला वेगळ्या बाटलीत, पिंपातला तिसऱ्या. रस हंड्यात किती तास असतो ते घड्याळ लावून पाही. हंड्याच्या तळावरून बोट फिरवून ते बोट बघत बसे. मग त्याने जुन्या वर्षांची पिंपं कुणी भरली, कुठल्या भांड्याने भरली, असं विचारायला सुरुवात केली. नेमकं लढाईच्या वर्षांबद्दल. क्लोतिलच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

घाण्यावर नाना तर्क सुरू झाले. कुणी म्हणे यंत्र आणणार आणि बायका काढणार. कुणी म्हणे मळाच विकायचाय. सिल्व्हेरने एके दुपारी सगळ्या बायकांना पिंपांच्या शेडमागे गोळा केलं आणि दबक्या आवाजात बजावलं की साहेबाने काहीही विचारलं तरी तोंडं शिवून ठेवायची. पाण्याचं नाव जिच्या तोंडून निघेल तिने घर खाली करायचं. घरं मळ्याच्या जमिनीवर, मागचा दशीनचा, म्हणजे अळकुड्यांचा, वाफाही मळ्याचाच. बोलताना तो सगळ्यांकडे बघत होता, पण बोलत होता क्लोतिलशी.

पेलोचं जेवण ओदील करायची. तिसऱ्या दिवशी ती घाण्यावर आली ती डोळे मोठे करूनच. साहेबाने तिला मासा लिंबाने धुवायला मनाई केली होती. ताटात ठेवलेली फोड तर दोन बोटांनी उचलून बाहेर फेकली होती. म्हणाला होता, मला हा वास नको.

एवढं पुरलं. आपल्या लिंबाचा रस गोळा करत फिरणारा, आणि लिंबू तोंडाला न लावणारा लायमी! घाण्यावर जो तो एकच बोलू लागला: रसात काय आहे ते या माणसाला ठाऊक आहे, म्हणूनच तो शिवत नाही. क्लोतिल हंडा घासत होती. तिचा हात थांबला. तिलाही तेच वाटलं, फक्त बाकीच्यांना भीती वाटत होती आणि तिला एकदम कळलं की आपल्याला विचारायला माणूस सापडला.

दोन दिवस ती हातातलं काम टाकून थांबायची. घराकडे बघायची, दशीनच्या पानांकडे बघायची. ते घर तिच्या नवऱ्याने बांधलं होतं आणि एलोई त्याच्या ओसरीवर चालायला शिकला होता. बोलावं तर हे जाणार, न बोलावं तर ते मनातलं कधीच जाणार नाही. रविवारी चर्चमधून ती घरी न जाता तडक अनातोलकडे गेली आणि त्याला हॅट घालायला सांगितली. तिला पेलोशी बोलायचं होतं आणि अनातोलला इंग्रजी येत होतं. अनातोलने सिल्व्हेरची आठवण करून दिली. ती म्हणाली, सिल्व्हेरचं मी बघते, तू फक्त मी बोलेन तेवढंच बोल, पदरचं घालू नकोस.

ओदीलच्या हातून ताट घेऊन क्लोतिल स्वतः पाहुणघराच्या व्हरांड्यात गेली. उकडलेली हिरवी केळी, भाजलेला मासा, आणि माशावर तिने जाताजाता झाडावरचं लिंबू कापून अर्धी फोड ठेवली. ताट पेलोच्या पुढ्यात ठेवलं आणि समोर उभी राहून बघू लागली.

पेलोने फोड पाहिली. चेहरा उतरला. चमच्याने त्याने ती ताटाच्या कडेला सारली आणि काटा उचललाच नाही.

"त्याला विचार," क्लोतिल म्हणाली, "लायमी असून लिंबू का खात नाहीस."

अनातोल घुटमळला. हा शब्द इंग्रजाच्या मागे बोलायचा असतो, पनामात यावरून त्याने डोकी फुटलेली पाहिली होती. क्लोतिलने कोपर मारलं तेव्हा त्याने हॅट काढून, जमेल तितक्या अदबीने ते विचारलं. पेलो रागावला नाही. चष्मा काढून पुसत राहिला. मग बोलायला लागला आणि अनातोल एकेक वाक्य क्लोतिलकडे देत गेला.

तो लढाईत बसऱ्याच्या इस्पितळात होता. औषधं बनवायचं काम. रस वाटायचंही काम त्याचंच होतं, सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक. खाटेखाटेपाशी जाऊन त्याने स्वतः पाजला. हिंदुस्थानी शिपाई होते, गोरे होते, बेटांवरचे होते. त्याला शिकवलं होतं की लिंबाच्या रसाने हा रोग बरा होतो, दीडशे वर्षं सगळ्यांना हेच शिकवतात. माणसं रस प्यायची आणि मरायची. तेव्हापासून हा वास आला की त्याला त्या खाटा दिसतात.

क्लोतिलने व्हरांड्याचा खांब धरला. बसरा हा शब्द तिला अनातोलच्या आधी समजला होता.

"आता हे सांग," ती म्हणाली. "सहा पिंपांत मी एकेक बादली पाणी घातलं होतं. जुलै महिन्यात. माझा मुलगा तिथे मेला. पाण्याने मेला का?"

अनातोल तिच्याकडे वळला. पाच वर्षांत त्याला हे माहीत नव्हतं. "क्लोतिल," तो म्हणाला, "अगं घर जाईल."

"सांग त्याला."

त्याने सांगितलं. पेलोने पिंप केवढं, बादली केवढी ते विचारलं. मग मान हलवली. नाही. एवढ्या पाण्याने काही होत नाही. शुद्ध पाजला असता तरी तेच झालं असतं. हवं तर तो पाण्याचा शब्द वहीत लिहिणारही नाही, कारण त्याचा काही संबंधच नाही.

क्लोतिलला हे फुकटात मिळालेलं वाटलं, आणि फुकटातलं ती घेत नसे. मग कशाने, असं तिने विचारलं. गोऱ्या माणसाला तिची दया आली असेल तर तिला ती नको होती.

तेव्हा पेलोने तिला त्या नावाची खरी गोष्ट सांगितली. पूर्वी इंग्रजांची जहाजं ज्या लिंबाचा रस न्यायची ते लिंबू हे नव्हतंच. ते इटलीकडचं, मोठं, पिवळं, जाड सालीचं. त्याने खलाशी खरोखर बरे व्हायचे. पण ते लिंबू परक्यांच्या मुलखात पिकायचं. पुढे इंग्रजांच्या स्वतःच्या बेटांवर या कागदी लिंबाचे मळे झाले, तेव्हा सरकारने ठरवलं की आपल्या घरचं असताना बाहेरचं कशाला घ्या. दोन्ही आंबट, दोन्ही लिंबू, आंबटपणानेच रोग जातो अशी समजूत. बदललेलं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तोवर आगबोटी आल्या होत्या आणि प्रवास इतके लांब राहिलेच नव्हते. नाव पडलं ते या दुसऱ्या लिंबावरून. त्याच्यात मुळात जोर कमी. त्यातून रस रात्रभर उघडा ठेवायचा, महिनोन् महिने पिंपात. आणि तांबं. तांब्याचा त्याला दाट संशय होता, अजून सिद्ध झालं नव्हतं. चकचकीत घासलेलं तांबं रसातला उरलासुरला गुण मारून टाकतं असं त्याला वाटत होतं.

क्लोतिलने आपले हात पाहिले. इतकी वर्षं ज्या हंड्यात कुणाला बोट बुडवू दिलं नव्हतं तो हंडा तिच्या डोळ्यांपुढे आला. पाणी घातलं ती लबाडी होती आणि त्याने काही बिघडलं नव्हतं. पहाटे उठून राख लावून घासलं ते चांगलं काम होतं. तिला रडू आलं नाही, राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

"आणि ताजं?" तिने विचारलं. "झाडावरचं कापून चोखलं तर?"

पेलोने कडेला सारलेल्या फोडीकडे पाहिलं. ताज्या लिंबात जोर असतो, तो शेवटी म्हणाला. रोज दोन-तीन खाल्ली तर. पण गोणीतली लिंबं एवढ्या प्रवासात टिकली नसती, मा. हा मा शब्द तो ओदीलकडून शिकला होता. अनातोलने गोणीबद्दल त्याला काही सांगितलेलं नव्हतं. बहुतेक आयांनी गोण्या नेल्या असतील, हे त्याचं त्यालाच सुचलं असावं.

मग क्लोतिलने वहीकडे बोट केलं. यात काय लिहितोस? पेलो म्हणाला, रस, भांडी, तास. ही वही विलायतेत जाईल, मोठे लोक वाचतील, पुढच्या खेपेला पलटणीला हा रस देणार नाहीत. मळ्याचं काय होईल ते त्याला सांगता येत नव्हतं.

"त्यात माझ्या मुलाचं नाव लिही."

अशा वहीत नावं नसतात, पेलोने समजावलं. आणि खरं सांगायचं तर त्याला एलोई आठवत नव्हता. खाटा फार होत्या. तो खोटं बोलला असता तर तिने तिथेच ओळखलं असतं. तो खोटं बोलला नाही, म्हणून ती थांबली. तिने आपला सोलवटलेला हात त्याच्या उघड्या वहीवर ठेवला आणि तो तसाच ठेवला. मासा गार झाला. अनातोल हॅट फिरवत उभा राहिला. शेवटी पेलोने खिशातून पेन काढलं, अनातोलला पूर्ण नाव विचारलं, तिने हात उचलला, आणि त्याने त्या दिवसाच्या आकड्यांखाली एक ओळ लिहिली.

क्लोतिलला वाचता येत नव्हतं. लिहिलंय, असं अनातोलने सांगितलं, पण अनातोल तिचा दीर होता आणि भला माणूस होता, म्हणजे तो काहीही सांगेल. तिने पोलक्यातून बसऱ्याचा कागद काढला. पाच वर्षांत घड्यांवर तो फाटायला आला होता. तो तिने वहीशेजारी पसरला, कागदावरच्या नावावर एक बोट ठेवलं, वहीतल्या ओळीवर दुसरं, आणि एकेक अक्षर सरकवत ताडून पाहिलं. पहिलं जुळलं. दुसरं जुळलं. शेवटचं जुळलं तेव्हा तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.